जंगल राखणाऱ्यांची हजेरी



५ मे २०२५ रोजी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात बावन्न जेनु कुरुब कुटुंबे आपल्या जुन्या गावी परत गेली. गावाचे नाव करडीकल्लु अत्तूर कोल्ली. १९८० च्या दशकात वनखात्याने त्यांना तेथून बाहेर काढले होते. मधली सारी वर्षे या माणसांनी कोडगू जिल्ह्यातील कॉफीच्या मळ्यांवर मजुरी करून काढली. त्यांचे देव आणि पूर्वजांच्या जागा मात्र जंगलातच राहिल्या होत्या. परत येऊन त्यांनी खोपी उभारल्या, तोच मागोमाग वनरक्षक आणि पोलीस हजर झाले. वनहक्क कायद्याखालील त्यांचे दावे २०२१ पासून कचेरीत पडून होते. एवढ्या वर्षांत ते निकालात निघाले नाहीत. माणसे परत आल्यावर मात्र नामंजूर झाले. कचेरीला जाग येते ती अशी.

याच्याशी रेल्वे कामगारांचा काय संबंध, असे आमच्या शाखेच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे असे की, जंगलाची जमीन कशी वापरली म्हणजे ती पिढ्यानपिढ्या पुरते हे ज्यांना ठाऊक आहे, ते लोक आज त्या जमिनीचे ना हक्कदार आहेत ना तिथले नोंदलेले कामगार. त्यांना जंगलाबाहेर काढले की दोन गोष्टी घडतात. जंगलाची देखभाल बिघडते, आणि मिळेल त्या मजुरीवर राबणारी माणसांची फौज मळेवाल्यांना आयती मिळते. दुसरी गोष्ट तर सरळसरळ कामगार चळवळीच्या कार्यकक्षेतली आहे.

हे टिपण म्हैसूरच्या गोकुलम भागातून लिहीत आहे. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. शहराच्या वायव्येला यादवगिरीला लागून असलेली ही शांत वसाहत. पट्टाभि जोइस यांची योगशाळा २००२ साली येथे आली, तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी योग शिकायला येथे येऊन राहतात. दुकानांतून त्यांच्यासाठी जंगलच्या मधाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. बाटलीवर मधाचे सारे गुण छापलेले असतात, मध काढणाऱ्याची मजुरी तेवढी छापलेली नसते. 'जेनु' म्हणजे कन्नडमध्ये मध, आणि जेनु कुरुब म्हणजे मध काढणारे कुरुब. येथून हुणसूरच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले की दोनएक तासांत त्यांचे जंगल सुरू होते. म्हैसूरच्या नळाला पाणी येते ते कावेरीचे आणि कबिनीचे. कावेरी कोडगूच्या डोंगरात उगम पावते, तर कबिनी नागरहोळेच्या कडेने वाहत येते. दसऱ्याचे हत्तीही तिकडच्याच छावण्यांतून येतात. हुणसूर तालुक्यातील वीरनहोसहळ्ळीहून त्यांची वाजतगाजत रवानगी होते आणि ते प्रथम अशोकपुरम येथे, आपल्या रेल्वे वर्कशॉपच्या परिसरात, वनखात्याच्या आवारात उतरतात. त्या हत्तींचे माहूत आणि कावाडी बरेचसे कुरुबच. दसरा संपेपर्यंत त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात, आणि मग वर्षभर त्यांच्या हाडीत वीज आली का, रस्ता झाला का, याची चौकशी कोणी करीत नाही. हाडी म्हणजे इकडची आदिवासी वस्ती.

जाणकार वाचक म्हणतील की नागरहोळे हे काही खरे पर्जन्यवन नव्हे. बरोबर आहे. बारमाही हिरवे, दाट रान पाहायचे तर कोडगूच्या पश्चिम उतारावर, ब्रह्मगिरी-पुष्पगिरीकडे किंवा वर आगुंबेला जावे लागते. नागरहोळे बहुतांशी पानझडी आहे. चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरीरंगन डोंगरात मात्र पायथ्याच्या काटेरी झुडपांपासून माथ्यावरच्या सदाहरित शोला रानापर्यंत सर्व प्रकार एकाच ठिकाणी सापडतात. झाडे वेगळी असली तरी खाते तेच, कायदा तोच आणि बाहेर काढली जाणारी माणसेही त्याच थरातली.

आता आपल्याच खात्याचा हिशेब मांडू. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे देशभर रूळ पसरले. रुळाखाली लाकडी स्लीपर. एका मैलाला सतराशे ते दोन हजार स्लीपर लागत आणि दहा-बारा वर्षांत ते कुजून बदलावे लागत. जवळची राने संपू लागली तेव्हा इंग्रज सरकारने १८६४ साली वनखाते काढले. डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ त्याचे पहिले प्रमुख. १८७८ च्या कायद्याने चांगली चांगली जंगले 'राखीव' झाली. साग सरकारचा झाला, आणि कानडा मुलखात जिला कुमरी म्हणत ती फिरती शेती सरकारदरबारी जंगलाची नासाडी ठरली. आमच्या रायगडकडे दळीच्या जमिनीवरून कातकरी-ठाकरांनी जे भोगले त्याचेही मूळ हेच. आज रुळाखाली काँक्रीटचे स्लीपर आहेत, लाकूड जवळजवळ गेले. १९२७ चा वन कायदा मात्र अजून जागेवर आहे.

नागरहोळेत खात्याने सागाची लागवड केली ती आदिवासींच्या हातांनी. काकनकोट्याला खेड्डा करून रानटी हत्ती पकडत, त्या कामी माग काढणारे आणि पकडलेल्या हत्तींना माणसाळवणारे कुरुबच. म्हणजे लाकूड हवे होते तोवर त्यांनी जंगलात राहिलेले चालत होते. १९५५ साली अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव कायदा आला, १९७४ च्या सुमारास कबिनी धरणाने नदीकाठची राने बुडवली, पुढे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००७ साली स्वतंत्र व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक पायरीला हाड्या रिकाम्या होत गेल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने म्हैसूर विद्यापीठाचे प्रा. मुझफ्फर असादी यांची समिती बसली, तिने २०१४ साली ३,४१८ विस्थापित आदिवासी कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सरकारपुढे ठेवला. असादी सर २०२५ च्या जानेवारीत वारले. अहवालाची अंमलबजावणी मात्र त्यांना पाहायला मिळाली नाही.

ही कुटुंबे गेली कोठे? बहुतेक कोडगूच्या मळ्यांवर, 'लाईनमने' म्हणतात त्या ओळीच्या खोल्यांत. खोली मालकाची, उचल मालकाची, त्यामुळे काम सोडायची सोय नाही. मळा कामगारांसाठी १९५१ सालीच वेगळा कायदा झाला होता, पण ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याला कोणत्या कलमाचा आधार? डिसेंबर २०१६ मध्ये कोडगूतील दिड्डळ्ळी येथे पाचशेहून अधिक आदिवासी कुटुंबांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. लाईनीतल्या जिण्याला कंटाळून ही माणसे मोकळ्या जागेवर येऊन राहिली होती. जंगलातून काढले तेव्हा जमीन दिली नाही, मळ्यातून बाहेर पडली तेव्हा उभे राहायला जागा दिली नाही. अशा माणसाकडून मजुरीचा भाव ठरवून घेण्याची अपेक्षा कोण करील?

आणि ज्या जंगलात आदिवासीच्या चुलीचा धूर चालत नाही, तेथे पर्यटकांचे हॉटेल चालते की नाही? १९९० च्या दशकात राज्य सरकारने नागरहोळे उद्यानातील इमारती ताज हॉटेल समूहाला भाडेपट्ट्याने दिल्या. आदिवासींच्या हक्कस्थापना समितीने त्याविरुद्ध रस्त्यावर आणि न्यायालयातही लढा दिला. जानेवारी १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा बेकायदा ठरवला. त्याच काळात जागतिक बँकेच्या पैशाने देशातील सात जंगलांत 'इकोडेव्हलपमेंट' योजना आली, नागरहोळे त्यांपैकी एक. १९९८ साली येथील आदिवासींनी थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मंडळाने तक्रारीत तथ्य दिसते असे म्हणून चौकशीची शिफारस केली. बँकेच्या संचालकांनी चौकशी होऊ दिली नाही. कर्जदाराला शिस्त शिकवणाऱ्या बँकेने स्वतःची तपासणी टाळावी, यात आम्हा युनियनवाल्यांना नवल वाटले नाही.

येथवर अन्यायाचे झाले. पण आदिवासींची बाजू केवळ दयेपोटी घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. जमिनीचा वापर त्यांना अधिक चांगला कळतो, हा खरा मुद्दा आहे, आणि त्याचा दाखला बिळिगिरीच्या सोलिग समाजात मिळतो.

सोलिग लोक पूर्वी डोंगरात लहान तुकड्यांवर नाचणी, घेवडा, भोपळा असे मिश्र पीक काढीत आणि काही वर्षांनी तुकडा पडीक सोडून पुढे सरकत. उन्हाळा तापण्याआधी ते जमिनीवरचा पाचोळा हलक्या आगीने जाळीत. कन्नडमध्ये तिला 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. ही आग गुडघाभरही चढत नाही. पाचोळा साठलेला नसल्याने पुढे वैशाखात मोठा वणवा पेटत नाही, मोठी झाडे सुरक्षित राहतात, गवत नव्याने फुटते, आणि घाणेरीची, जिला आपल्याकडे टणटणीही म्हणतात, रोपे लहानपणीच जळून जातात. आवळ्यावर वाढणाऱ्या बांडगुळालाही या आगीने आळा बसतो, असे सोलिगांचे सांगणे. १९७४ साली डोंगर अभयारण्य झाला. फिरती शेती, शिकार आणि आग तिन्ही बंद झाली. सोलिगांना ठराविक 'पोडुं'वर म्हणजे वस्त्यांवर आणून बसवले. मग काय झाले? संशोधकांनी त्या डोंगरातील ठराविक तुकडे १९९७ साली आणि पुन्हा २००८ साली तपासले. पहिल्या वेळी शंभरातल्या ४१ तुकड्यांत घाणेरी होती, दुसऱ्या वेळी ८१ मध्ये. इंग्रजांनी बागेच्या शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज जनावरांचा चारा दाबून टाकते आहे आणि वाळले की वणव्याला जळण होते. इतर कारणेही असतील, आग हे एकच कारण आहे असे आम्ही म्हणत नाही. पण म्हाताऱ्या सोलिगांनी जे वर्षानुवर्षे सांगितले ते ऐकून घ्यायला खात्याला कमीपणा वाटला, एवढे खरे. आपल्याकडेही रुळाचा सांधा कोठे खचतो हे गँगमनला आधी कळते आणि साहेबाला अहवाल आल्यावर. तसाच हा प्रकार.

मधाचेही तसेच. कड्यावरच्या किंवा उंच झाडावरच्या आग्या मोहोळाचा मध काढताना पोळ्याचा काही भाग माशांसाठी ठेवायचा, हा त्यांचा रिवाज. आवळा, मध, दगडफूल ही गौण वनोपज सोलिग 'लॅम्प्स' या सहकारी सोसायट्यांमार्फत विकत. भाव ठेकेदाराच्या हाती असे हे खरे, तरी संसाराचा मोठा आधार होता. वन्यजीव कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीचा अर्थ लावून २००४ ते २००६ या काळात बिळिगिरीत ही गोळाबेरीज विक्रीसाठी बंद करण्यात आली. लोक कॉफीच्या मळ्यांकडे आणि बाहेरगावच्या मजुरीकडे वळले.

२००६ चा वनहक्क कायदा आला आणि सोलिग अभिवृद्धी संघाने गावोगाव ग्रामसभा बसवून, जुन्या देवस्थानांचे, झऱ्यांचे, पोडुंचे नकाशे करून सामुदायिक हक्कांचे दावे भरले. सोबत अभ्यासक आणि डॉ. सुदर्शन यांची संस्था होती, पण काम लोकांच्या संघाने केले. मध्येच जानेवारी २०११ मध्ये डोंगर व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाला. तरी संघ मागे हटला नाही, आणि २ ऑक्टोबर २०११ रोजी पंचवीस ग्रामसभांना सामुदायिक वनहक्काची पत्रे मिळाली. देशात व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळवणारे सोलिग पहिले. पुढे खात्याशी कुरबुरी चालूच राहिल्या, माल विकण्यावरून अडवणूक झाली, ते वेगळे.

मराठी वाचकांना मेंढा (लेखा) आठवेल. गडचिरोलीच्या त्या गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकला ग्रामसभेने, मजुरी ठरवली ग्रामसभेने. आणि मेळघाटही आठवावा. तेथील बोरी, कोहा, कुंड ही गावे २००० नंतर बाहेर हलवली गेली, पाठोपाठ आणखी गावे गेली. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसनात फसलो म्हणून काही गावकरी परत जंगलात शिरले आणि वनखाते व पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. नागरहोळेची बातमी नवी नाही, ती अशी.

आक्षेप ऐकून घेतले पाहिजेत. वाघाचे काय, हा पहिला. सोलिगांचे काही पाठीराखे सांगतात की बिळिगिरीत २०१० ते २०१४ या काळात वाघ पस्तीसवरून अडुसष्टवर गेले. आम्ही त्या आकड्यावर भिस्त ठेवत नाही, कारण पुढच्या गणनांत तो खाली आला. वाघ वाढण्या-घटण्याची कारणे अनेक असतात. माणसे असूनही वाघ राहिले, एवढेच त्यातून निघते आणि तेवढे पुरे आहे. दुसरा आक्षेप, सगळ्या आदिवासींना जंगलात राहायचेच आहे कोठे? खरे आहे. शाळा, दवाखाना, हत्तीची धास्ती यामुळे बाहेर पडू इच्छिणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांना जमीन, घर व रोख रक्कम पुरी मिळालीच पाहिजे. ही रक्कम कुटुंबामागे दहा लाख होती, २०२१ पासून पंधरा लाख झाली. पण जाणे खुशीचे असावे. कायद्याचे कलम ४ सांगते की आधी हक्क मान्य करा, मग सहजीवन शक्य नाही हे सिद्ध करा, मग ग्रामसभेची संमती घ्या. १९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र धाडले की गाभा क्षेत्रातील ५९१ गावांतील ६४,८०१ कुटुंबांचे स्थलांतर जलद करा. त्या पत्राने घाई केली ती स्थलांतराची. हक्क मान्य करण्याची घाई मात्र कोणाला दिसत नाही.

आमच्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे परत येतो. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात चिको मेंडेस नावाचा रबराचा चीक काढणारा कामगार होता, शापुरीच्या ग्रामीण कामगार संघाचा पुढारी. जमीनदार गुरांच्या कुरणासाठी रान तोडायला येत तेव्हा तो बायकापोरांसह माणसे उभी करून करवती थांबवी. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याचा खून झाला. त्यानंतर १९९० साली त्याच्याच नावाने नऊ लाख हेक्टरांहून मोठे राखीव क्षेत्र झाले, जेथे जंगल सरकारचे पण वापराचा हक्क तेथल्या कष्टकऱ्यांचा. तेथेही पुढे गुरे शिरली, तोड झाली, सगळे गोडगोड नाही. पण जगातील सर्वांत मोठ्या पर्जन्यवनाच्या रक्षणाचा हा मार्ग सुचला तो कामगार संघटनेला.

आपल्यापुढचे काम त्याहून साधे आहे. नागरहोळे-बंडीपूरच्या शिकारप्रतिबंधक छावण्यांत रात्री पहारा देणारे, वणवा विझवणारे, हत्ती सांभाळणारे किती तरी आदिवासी रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत आहेत. आपल्या खात्यात हंगामी खलाशांचे असेच होते. वर्षानुवर्षे प्रकल्पांवर राबून कागदावर कोणीच नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात इंदरपाल यादव खटल्याचा निकाल लागला आणि ३६० दिवस भरलेल्या प्रकल्प कामगारांना सामावून घेण्याची योजना मान्य झाली. ती लढाई दिवसांच्या नोंदीवर जिंकली गेली; ज्याच्याकडे कामाचे कार्ड होते तो आत आला, ज्याने हरवले तो बाहेर राहिला. तेव्हा जंगलच्या पहारेकऱ्यांना आणि लाईनमनेतल्या मजुरांना हजेरीचा पुरावा जपायला शिकवणे, त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मागणे, हे काम आपल्या इतके दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. आपल्याला नवे मार्ग हवे असतात, कारण त्यात नोकऱ्या असतात. हुबळी-अंकोला मार्ग १९९० च्या दशकापासून घाटातील जंगलाच्या प्रश्नावर अडला आहे. अकोला-खांडवा मीटरगेजचे रुंदीकरण मेळघाटातून न नेता बाहेरून वळवण्याचे ठरले, तेव्हा रेल्वे बुडाली नाही. घाटातील कोणत्याही मार्गाला पाठिंब्याचा ठराव करण्यापूर्वी संबंधित ग्रामसभांचे म्हणणे शाखेने स्वतः जाऊन ऐकावे, असा प्रस्ताव आम्ही महासंघाच्या कार्यकारिणीकडे पाठवत आहोत. त्यावर मतभेद होतील, ते मोकळेपणाने मांडले जावेत.

मेळघाट, गडचिरोली, सह्याद्री आणि बेळगाव-खानापूर या भागांतील शाखांनी आपल्या हद्दीत वनखात्याकडे रोजंदारीवर किती माणसे आहेत, त्यांना महिन्याला किती दिवस काम व काय दर मिळतो, पगाराची चिठ्ठी मिळते की नाही, आणि गावाचा सामुदायिक वनहक्काचा दावा कोणत्या कचेरीत अडला आहे, एवढी माहिती पुढील अंकापूर्वी आमच्याकडे पाठवावी. साध्या कागदावर हाताने लिहिलेली चालेल.